वेब पोर्टल नावाची सेवा : वापरणाऱ्यांच्या पदरात काय पडले

वेब पोर्टलचे परीक्षण करायला बसले की पहिली अडचण अशी येते की पोर्टल ही एक सेवा नसते. बातम्या, ईमेल, शोध, हवामान, शेअर बाजार, चर्चागट, प्रश्नोत्तरे अशी अनेक कामे तेथे एकाच मुखपृष्ठावरून आणि बहुधा एकाच खात्यावर चालतात. त्यांतले एखादे उत्तम, दुसरे कामचलाऊ आणि तिसरे निव्वळ जागा अडवणारे असू शकते. म्हणून येथे कोणा एका कंपनीला गुण देण्याऐवजी, गेल्या तीस वर्षांत या सेवाप्रकाराने वापरकर्त्याचे काम किती केले आणि त्याच्या आश्रयाला जमलेल्या समूहांना किती सांभाळले, हे तपासले आहे. कसोटी एकच ठेवली आहे. पोर्टलवर येणाऱ्याला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की त्याला निघायचे असते. पोर्टल चालवणाऱ्याचे उत्पन्न मात्र तो किती वेळ थांबला आणि त्याच्या डोळ्यांपुढून किती जाहिराती गेल्या यावर ठरते. या सेवेचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष या ताणातून आलेले आहेत.

सुरुवातीला हा ताण नव्हताच म्हटले तरी चालेल. १९९४ च्या आरंभी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आवडलेल्या संकेतस्थळांची विषयवार यादी करायला घेतली आणि तिचेच पुढे याहू झाले. यादीवर आलेला माणूस विषय, उपविषय असे करत दोनतीन टिचक्यांत बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर पोहोचत असे, आणि त्याला असे बाहेर पोहोचवणे हेच त्या यादीचे काम होते. वर्गवारी माणसे करीत. कंपनीच्या अगदी पहिल्या कर्मचाऱ्यांपैकी श्रीनिजा श्रीनिवासन यांच्याकडे विषयांची ही सारी रचना बसवण्याचे काम होते, यावरून त्या कामाला तेव्हा किती वजन होते ते कळते. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ओपन डिरेक्टरी प्रकल्पाने हेच काम स्वयंसेवक संपादकांवर सोपवले आणि तयार झालेली यादी कोणालाही विनामूल्य वापरू दिली. गूगलनेही काही वर्षे ती आपल्या नावाखाली दाखवली.

या निर्देशिकांचा एक गुण शोधयंत्राला आजही साधलेला नाही. शोधयंत्राला आपण जे विचारतो त्याचे उत्तर मिळते, पण काय विचारावे हेच ज्याला ठाऊक नाही त्याची तेथे पंचाईत होते. निर्देशिकेत विषयाचा सगळा परिसर डोळ्यांसमोर येत असे. घड्याळदुरुस्तीची माहिती शोधणाऱ्याला घड्याळांचे संग्राहक, सुटे भाग विकणारे आणि जुन्या यंत्रांचे अभ्यासक शेजारीशेजारीच भेटत आणि त्या विषयात कोणकोण माणसे वावरतात हे न विचारता समजे. दोषही तितकेच ठसठशीत होते. नवे संकेतस्थळ यादीत येण्यासाठी संपादकाची वाट पाहावी लागे, एखाद्या विभागाला संपादकच नसला तर तो विभाग वर्षानुवर्षे शिळा राही, आणि याहूने तर पुढे व्यापारी संकेतस्थळांकडून नोंदीसाठी वर्षाला २९९ डॉलर घ्यायला सुरुवात केली. पैसे घेऊन होणारी नोंद ही शिफारस की जाहिरात, असा प्रश्न मग वाचणाऱ्याला पडला तर त्यात नवल नव्हते. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस आणि ओपन डिरेक्टरी मार्च २०१७ मध्ये बंद झाली. इंटरनेटच्या वाढीपुढे त्या टिकल्या नसत्याच. पण त्यांच्याबरोबर, माणसाने पाहून आणि पारखून दिलेला दुवा ही गोष्ट पोर्टलवरून जवळजवळ नाहीशी झाली, ही हानी खरी आहे.

१९९६ पासून २००० पर्यंतच्या काळात पोर्टलांनी आपले रूप पालटले. एक्साइट, लायकॉस, इन्फोसीक, अल्टाविस्टा यांसारख्या शोधयंत्रांनी आणि याहूसारख्या निर्देशिकांनी आपापल्या मुखपृष्ठांवर सगळेच भरायला सुरुवात केली. यामागचा हिशेब सरळ होता. बाहेर पाठवलेला वापरकर्ता दुसऱ्याच्या जाहिराती पाहतो. त्याला ईमेल, गप्पा आणि खेळ येथेच दिले तर तो आपल्याच पाहील. याच हिशेबाने शोध हा विभाग दुय्यम ठरला. १९९९ मध्ये गूगल विकत घेण्याची संधी एक्साइटने नाकारली ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि जून २००० मध्ये याहूने आपल्या मुखपृष्ठावरील शोधाचे काम गूगलकडेच सोपवले. चांगले उत्तर देऊन माणसाला लवकर मोकळे करणे हा ज्या सेवेचा मूळ धर्म, तोच तिने बाहेरच्याला कंत्राटाने दिला. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

तरीही या काळातली एक सेवा मी निःसंकोच उत्तम म्हणेन, ती म्हणजे वापरकर्त्याने स्वतः रचायचे मुखपृष्ठ. याहूने १९९६ मध्येच ही सोय दिली होती. कोणत्या बातम्या, कोणत्या शहराचे हवामान, कोणते शेअर आणि कोणत्या खेळाचे निकाल पाहिजेत हे वापरकर्ता ठरवी, त्यांचा क्रमही तोच लावी, आणि उद्या पान उघडले की ते तसेच असे. मार्च १९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या अशाच पोर्टलसाठी आरएसएस ही पद्धत तयार केली, जिच्यामुळे कोणतेही संकेतस्थळ आपल्या ताज्या मजकुराची यादी दुसऱ्याच्या पानावर पाठवू शकते. पोर्टलसाठी घडवलेले हे साधन पुढे पोर्टलबाहेरच अधिक वापरले गेले, आणि आजही पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्याच्या फोनवर येतात ते प्रामुख्याने त्याच्याच आधाराने. गूगलने २००५ मध्ये सुरू केलेले रचनीय मुखपृष्ठही याच जातीचे होते. ते १ नोव्हेंबर २०१३ रोजी बंद करण्यात आले. फोनवर आता अशा पानाची गरज उरलेली नाही असे त्या वेळी सांगण्यात आले. हे कारण मला कधीच पटले नाही. फोनवर ॲप आले तरी आपले पान आपण लावावे ही गरज संपत नाही. मात्र तसे पान जाहिरातदाराच्या फारसे उपयोगाचे नसते, कारण वापरकर्ता ते अर्ध्या मिनिटात वाचून उठतो.

त्या जागी आज आलेली आहे ती न संपणारी बातम्यांची माळ. तिच्यातला क्रम वापरकर्ता लावत नाही; त्याने पूर्वी कशावर टिचकी मारली यावरून यंत्रणा तो लावते. याचा पहिला परिणाम असा होतो की एकदा कुतूहलाने उघडलेला हलका विषय पुढचे अनेक दिवस पाठ सोडत नाही. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. बातमीच्याच आकाराची, त्याच अक्षरांतली आणि तशाच छायाचित्राची प्रायोजित चौकट बातम्यांच्या मधोमध येते, आणि ती जाहिरात असल्याची सूचना इतक्या फिकट अक्षरांत असते की नेहमीचा वाचकही फसतो; दृष्टी अधू असलेल्याचे तर विचारायलाच नको. हा धंदा तात्पुरता नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये याहूने अशा चौकटी पुरवणाऱ्या टबूला या कंपनीशी तब्बल ३० वर्षांचा करार केला. मुखपृष्ठ उघडताच आपोआप सुरू होणारी चित्रफीत, वाचत असताना खाली सरकणारा मजकूर आणि संमतीच्या चौकटीत ठळकपणे दिसणारे ‘सर्व स्वीकारा’ हे बटण, या सगळ्यांची जात एकच आहे. मुखपृष्ठ या विभागात आजच्या बहुतेक व्यापारी पोर्टलांना उत्तीर्ण करणे कठीण आहे.

राशिभविष्य, खेळ आणि शुभेच्छापत्रे यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. हवामान आणि शेअर बाजाराची पाने मात्र अनेक ठिकाणी अजूनही व्यवस्थित चालतात.

ईमेलचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण सामान्य वापरकर्त्याच्या आयुष्यात पोर्टलांनी घातलेली सर्वांत मोठी भर कदाचित तीच आहे. जुलै १९९६ मध्ये सुरू झालेली हॉटमेल पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन आपल्या एमएसएन या पोर्टलला जोडली आणि त्याच सुमारास याहूनेही स्वतःची ईमेल सेवा आणली. त्याआधी बहुतेकांचा पत्ता नोकरीच्या ठिकाणाचा, विद्यापीठाचा किंवा जोडणी देणाऱ्या कंपनीचा असे. नोकरी सुटली की पत्ताही जाई. पोर्टलने दिलेला पत्ता विनामूल्य होता, कोणत्याही संगणकावरून उघडता येत होता आणि माणसाच्या नोकरीशी, घराशी किंवा देशाशी बांधलेला नव्हता. स्वतःचा संगणक नसलेल्याला यामुळे प्रथमच स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला. ही सोय आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे श्रेय पोर्टलला द्यायचे कोणाच्या लक्षात येत नाही.

मात्र याच पत्त्यावर पुढे सगळी सेवा एका खात्यात बांधली गेली आणि सोयीबरोबर धोकाही एकत्र झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये याहूच्या यंत्रणेत झालेल्या घुसखोरीची माहिती २०१६ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली; तेव्हा बाधित खात्यांचा आकडा १ अब्ज सांगण्यात आला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये तो सुधारून ३ अब्ज, म्हणजे त्या वेळची सगळीच खाती, असा करण्यात आला. नावे, जन्मतारखा, दूरध्वनी क्रमांक आणि काही खात्यांची सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे त्यात गेली. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव बदलता येत नाही. एका खात्यावर दहा सेवा देणाऱ्याची जबाबदारी दहापट होते, आणि ग्राहकाला हे तीन वर्षांनी कळणे ही कोणत्याही सेवेच्या दृष्टीने अक्षम्य गोष्ट आहे.

आता समूहांकडे वळू, कारण पोर्टलची खरी परीक्षा तेथेच होते. एकटा वापरकर्ता नाराज झाला तर दुसरीकडे जातो. समूहाला तसे उठून जाता येत नाही, कारण त्याची वर्षांची जमवाजमव, पत्ते, जुनी चर्चा आणि सवयी जागेला चिकटलेल्या असतात. या अर्थाने पोर्टलवरचा समूह हा करारनामा नसलेला भाडेकरू आहे, आणि त्याला राहू देणाऱ्यांनी ही गोष्ट क्वचितच ओळखून वागणूक दिली.

जिओसिटीजचे उदाहरण बोलके आहे. तेथे कोणालाही विनामूल्य संकेतस्थळ उभारता येई आणि ते उभारताना आपल्या विषयाची वस्ती निवडावी लागे. संगणकवाल्यांसाठी सिलिकॉन व्हॅली, विज्ञानकथांसाठी एरिया ५१, घरगुती विषयांसाठी हार्टलँड अशा वस्त्या होत्या. जुनी मंडळी स्वेच्छेने नवख्यांना पान लावायला मदत करीत. जानेवारी १९९९ मध्ये याहूने हा सारा पसारा सुमारे साडेतीन अब्ज डॉलर किमतीच्या शेअरांच्या बदल्यात घेण्याचे जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात नव्या अटींत वापरकर्त्यांच्या मजकुरावर कंपनीचा अतिव्यापक हक्क सांगण्यात आला, सदस्यांनी आपली पाने करडी करून निषेध केला आणि कंपनीला ती अट मागे घ्यावी लागली. वस्त्यांचे पत्ते जाऊन त्यांच्या जागी वापरकर्त्यांची नावे आली, तेव्हा पाने राहिली पण शेजार गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये पानेही गेली. जे उरले ते बऱ्याच अंशी आर्काइव्ह टीम हा स्वयंसेवकांचा गट आणि जुनी संकेतस्थळे जपणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था यांच्या धडपडीमुळे. विशेष असे की याहूच्याच नावाने पण वेगळ्या मालकीने चालणाऱ्या जपानमधील सेवेने आपले जिओसिटीज मार्च २०१९ पर्यंत चालू ठेवले. म्हणजे बंद करण्याची घाई तंत्रज्ञानामुळे नव्हती.

याहू ग्रुप्स ही सेवा म्हणून त्याहून सरस होती. २००० मध्ये ईग्रुप्स विकत घेऊन तिच्यावर ती उभारली गेली. गटाचा एक पत्ता असे. त्यावर पाठवलेले पत्र सर्वांना जाई, उत्तरही सर्वांना जाई आणि सारे काही संग्रहात तारखेनिशी राही. फाइली, छायाचित्रे, दिनदर्शिका आणि छोटी माहितीसारणी ठेवायची सोय होती. मंद जोडणीवर, जुन्या संगणकावर आणि केवळ ईमेल येणाऱ्या ज्येष्ठ सदस्यालाही ते वापरता येई. नवे काही शिकावे लागत नसे. याचा फायदा झाला तो संख्येने लहान आणि पृथ्वीभर विखुरलेल्या समूहांना: दुर्मीळ आजारांचे रुग्ण, वंशावळ शोधणारे, जुन्या रेडिओ संचांचे हौशी दुरुस्तीकार, एखाद्या बंद पडलेल्या यंत्राचे मालक. अशा गटांत दहा वर्षांपूर्वी कोणीतरी दिलेले उत्तर हीच खरी संपत्ती असते, कारण ते दुसऱ्या कोणत्याही पुस्तकात नसते.

१६ ऑक्टोबर २०१९ रोजी जाहीर झाले की २८ ऑक्टोबरपासून नवे काही चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरनंतर जुने सारे काढून टाकले जाईल. जवळजवळ दोन दशकांच्या संग्रहासाठी दोन महिनेही नाहीत. ओरड झाल्यावर वैयक्तिक माहिती मागण्याची मुदत जानेवारी २०२० च्या अखेरपर्यंत वाढली, पण संग्रह उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकांची काही खाती मध्येच अडवली गेल्याने त्यांचे काम खोळंबले. डिसेंबर २०२० मध्ये उरलेसुरले ईमेल पाठवण्याचे कामही थांबले. प्रश्नोत्तरांची याहू आन्सर्स ही सेवा तर एप्रिल २०२१ मध्ये सूचना देऊन ४ मे रोजी बंद केली, म्हणजे सोळा वर्षांच्या मजकुराला एक महिना. अनेक गट ग्रुप्स.आयओ या सेवेकडे गेले. तिचे संस्थापक मार्क फ्लेचर यांनीच १९९७ च्या सुमारास वनलिस्ट उभारली होती, जी ईग्रुप्समध्ये मिसळून अखेर याहूकडे गेली. तेच काम त्यांनी २०१४ मध्ये पुन्हा सुरू केले, या वेळी मोठ्या गटांकडून शुल्क घेऊन. शुल्क देणारा समूह चालकाचा ग्राहक असतो, त्यामुळे त्याच्या तक्रारीला वजन येते. मला ही व्यवस्था अधिक प्रामाणिक वाटते.

पोर्टलवरचे समूह नेहमी असेच विरून जातात असेही नाही. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये सुरू झालेल्या नेव्हरने २००२ मध्ये प्रश्नोत्तरांची सेवा आणली ती कोरियन भाषेत इंटरनेटवर शोधण्याजोगा मजकूरच थोडा होता म्हणून; वापरकर्त्यांनी एकमेकांना दिलेली उत्तरे हाच मग त्या पोर्टलच्या शोधाचा पाया झाला. त्याच देशातील दाऊमने १९९९ मध्ये ‘कॅफे’ नावाने गट सुरू केले आणि ते तेथल्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनले. लहान भाषेच्या समूहाला पोर्टल काय देऊ शकते याचा हा उत्तम दाखला आहे. त्याची दुसरी बाजू अशी की सारे ज्ञान एका कंपनीच्या कुंपणात राहते आणि त्या कुंपणात काही बिघडले तर त्याचा परिणाम देशभर होतो. बातम्यांखालील प्रतिक्रियांनी कलाकार आणि खेळाडूंचा छळ होऊ लागला, तेव्हा नेव्हरने मार्च २०२० मध्ये मनोरंजनाच्या आणि ऑगस्टमध्ये खेळांच्या बातम्यांवरील प्रतिक्रिया बंद केल्या, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्षणोक्षणी बदलणारी लोकप्रिय शोधांची यादीही काढली. लोकांना सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवणाऱ्या गोष्टी पोर्टलने स्वतःहून काढाव्यात, हे दुर्मीळ आहे.

सरकारी पोर्टलांवर जाहिरात नसल्यामुळे सुरुवातीला सांगितलेला ताणच तेथे नसतो. ब्रिटनने ऑक्टोबर २०१२ मध्ये जुनी दोन मोठी पोर्टले बाजूला सारून गव्ह.यूके आणले, तेव्हा नागरिकाचे काम किती कमी पायऱ्यांत संपते ही मोजणी केंद्रस्थानी ठेवली. पाने साधी, शब्द सोपे आणि मुखपृष्ठ जवळजवळ रिकामे. व्यापारी पोर्टलांनी उचलण्यासारखे यात पुष्कळ आहे, जरी त्यांचा हिशेबनीस ते उचलू देणार नाही. समूहांसाठी मात्र तेथे काहीच नाही, आणि सरकारी पोर्टलकडून ती अपेक्षाही नसावी.

नव्याने एखाद्या पोर्टलवर गट काढू पाहणाऱ्याने सोयींची यादी पाहण्याआधी बाहेर पडण्याचा मार्ग तपासावा. मे २०१८ मध्ये लागू झालेल्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांच्या कलम २० ने व्यक्तीला आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला, आणि त्यामुळे मोठ्या पोर्टलांवर माहिती उतरवून घेण्याची सोय आता बहुधा असते. परंतु हा हक्क व्यक्तीचा आहे. पन्नास जणांनी वीस वर्षांत मिळून घडवलेल्या चर्चेत प्रत्येकाला आपापली पत्रे मिळू शकतात. प्रश्न एकाचा, उत्तर दुसऱ्याचे आणि दुरुस्ती तिसऱ्याची अशी गुंफण ज्यात आहे तो अखंड संग्रह मागायला गट म्हणून कोणी उभा राहू शकत नाही. म्हणून गटाच्या चालकाला संपूर्ण संग्रह, तारखा आणि उत्तरांची साखळी शाबूत ठेवून, कोणालाही न विचारता केव्हाही उतरवता येतो का, हे पहिल्याच दिवशी एक प्रायोगिक गट काढून तपासून घ्यावे. ज्या पोर्टलवर ही सोय शोधूनही सापडत नाही, तेथे ईमेल खुशाल ठेवावे, हवामान पाहावे, बातम्या वाचाव्यात. गट काढू नये.